छातीपाशी चुंबक

शनिवार, २ नोव्हेंबर

सकाळपासून घर गार. माल्कमनं बॉयलर बंद केला आणि हीटिंगच्या पाइपांमधलं सगळं पाणी बाहेर काढलं — लेकीनं, लॉर्नानं, बापाला वाढदिवसाला दिलेला चुंबकाचा फिल्टर आजच बसवायचा म्हणून! बागेची नळी दिवाणखान्यातून पुढच्या दारापर्यंत, दार सताड उघडं, आणि मी कोट घालून स्वयंपाकघरात. पाणी किती काळं निघावं? शाई म्हटलं तरी चालेल. तीस वर्षं हे आपल्या भिंतींतून फिरतंय!

शेजारचा डग्लस मदतीला आला. म्हणजे माझ्या खुर्चीवर बसून बॅटरी धरली.

"प्लंबर बोलाव रे. घर बुडवशील."

"दोन नट आवळायला प्लंबर? चाळीस वर्षं बस डेपोत इंजिनं खोलली मी."

"म्हणूनच एक बस कधी वेळेवर आली नाही!"

रेडिएटर फिरून पाणी ज्या पाइपानं बॉयलरकडे परत येतं, तो पाइप कापून मध्ये फिल्टर बसवायचा असतो. म्हणजे गंज बॉयलरमध्ये शिरायच्या आधीच चुंबकाला चिकटतो. पाइप कापल्यावर आत उरलेलं पाणी भसकन आलं. माझे तीन टॉवेल कायमचे गेले. डग्लस पाय वर घेऊन बसला आणि म्हणाला, "बोट मागवू का?"

माहितीपत्रक माल्कमनं उघडलंसुद्धा नाही. "कागद वाचून कपाटं जोडतात. पाइप हाताला कळतो. हे तुझं खातं, बाईसाहेब." मी भोकं पाडून ते 'हीटिंग'च्या फाइलला लावलं. शाळेच्या कचेरीत एकतीस वर्षं काढली, कागद ओट्यावर पडलेला मला बघवत नाही.

चुंबकाची कांडी वीतभर लांब. तिला पाना लटकवून माल्कम स्वयंपाकघरभर फिरला, मग केकचा डबा उचलून दाखवला. डग्लसनं टाळ्या वाजवल्या. दोघं मिळून दीडशे वर्षांचे आहेत!

दुपारी पाणी पुन्हा भरलं. तो वर एकेका रेडिएटरमधली हवा काढतोय, मी खाली दाबाच्या काट्याकडे बघत ओरडतेय. "आता किती?" "एक!" "आता?" "एकच्या खाली!" "मग सोड की पाणी!" घसा बसलाय.

पाच वाजता मागच्या खोलीचा रेडिएटर खालपर्यंत गरम. किती वर्षांनी!

रविवार, ३ नोव्हेंबर

इस्त्री मागच्या खोलीत केली. माल्कम काहीतरी निमित्त काढून तीनदा आला आणि रेडिएटरवर हात ठेवून गेला.

शुक्रवार, ८ नोव्हेंबर

दिवसभर पाऊस. मटार-सूप. माल्कमला जिना चढताना दम लागला, एका पायरीवर थांबून खिडकीतून बघत असल्याचं नाटक केलं. मी सूपाकडे वळले.

सोमवार, ११ नोव्हेंबर

मागच्या खोलीचा रेडिएटर पुन्हा खालून गार. माल्कमला म्हटलं, आठवडा उलटला, फिल्टर साफ करायला झालाय. "उद्या." म्हटलं, उद्या म्हणजे उद्या सकाळीच. गुरुवारी लॉर्ना यायची आहे, ती त्याच खोलीत झोपते. "हो, बाईसाहेब."

मंगळवार, १२ नोव्हेंबर

माल्कम गेला.

गुरुवार, १४ नोव्हेंबर

लिहून ठेवायला हवं. नाहीतर क्रम विसरेन.

मंगळवारी दहाला मी पाव आणि टपालाची तिकिटं आणायला गेले. निघताना म्हटलं, "फिल्टर!" तो म्हणाला, "आधी चहा संपवू दे." हे शेवटचं. अकराला दहा मिनिटं कमी असताना परत आले. तो बॉयलरसमोर जमिनीवर, कुशीवर. शेजारी भांडं, त्यात काळं पाणी. फिल्टर उघडा. चष्मा कपाळावर.

फोन केला. फोनवरच्या बाईनं सांगितलं तसं छातीवर दाबत राहिले. ती मोजत होती आणि मी दाबत होते. डग्लसला हाक मारावी हे सुचलंच नाही — भिंतीपलीकडे तर असतो!

रुग्णवाहिका नऊ मिनिटांत आली. दोघी बायका. थोरलीनं शर्ट कापायला कात्री काढली तर कात्री खटकन त्याच्या खिशालाच चिकटली. ती दचकली. खिशातून चुंबकाची कांडी निघाली. "हे काय?" मी म्हटलं, "हीटिंगचं आहे." तिनं ती बाजूला फेकल्यासारखी ठेवली, आणि कांडी कपडे धुण्याच्या यंत्राला जाऊन आदळली. तो आवाज अजून कानात आहे. बाकी सगळं धूसर आहे, तो आवाज मात्र स्वच्छ.

सव्वाअकराला त्या थांबल्या.

एक गोष्ट मला समजत नाही. त्याच्या छातीत झटका देणारं यंत्र होतं. चार वर्षांपूर्वी बसवलं. हृदयाची लय बिघडली की आतून झटका देऊन ठिकाणावर आणतं. जूनमध्ये हिरवळीवर बोलिंग खेळताना एका संध्याकाळी लागोपाठ तीन झटके दिले. तीन! माणूस गुडघ्यांवर पडला, ओरडला. आतून घोड्यानं लाथ मारल्यासारखं, एवढंच नंतर म्हणाला. पण जिवंत राहिला. तेव्हापासून मी रात्री निर्धास्त झोपायचे. घरात तिसरं कुणीतरी जागं आहे असं वाटायचं.

मग मंगळवारी काय झालं?

आमच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, हृदय फार थकलं होतं, यंत्रालाही दरवेळी जमत नाही.

त्या दिवशी सगळे गेल्यावर मी भांड्यातलं काळं पाणी ओतलं, कांडी पुसली, फिल्टरमध्ये परत बसवली, झाकण आवळलं. का? माहीत नाही. पसारा होता.

लॉर्ना आली आहे. मागच्या खोलीत झोपली आहे.

शुक्रवार, १५ नोव्हेंबर

हॉस्पिटलमधून एका बाईंचा फोन. आता प्रत्येक मृत्यूनंतर करतात म्हणे. फार सौम्य आवाज. "मिसेस हेपवर्थ, तुमच्या यजमानांच्या जाण्याबद्दल तुम्हाला काही शंका, काही प्रश्न आहे का? काहीही असलं तरी सांगा."

म्हटलं, नाही. सगळ्यांनी सगळं केलं. आभारी आहे.

रविवार, १७ नोव्हेंबर

लॉर्ना कामासाठी स्टॉकपोर्टला परतली, पुढच्या शनिवारी येईल.

डग्लस पिठाचं झाकण घालून भाजलेलं मटण घेऊन आला. वरचं पीठ करपलेलं. "करपलेलं म्हणू नकोस, खरपूस म्हण." मी हसले, आणि हसले म्हणून त्याचेच डोळे भरले.

म्हणाला, "पाने, स्क्रू, पेन्सिल, बिस्किट — सगळं त्या वरच्या खिशात! डेपोत आम्ही त्याला चालतं दुकान म्हणायचो. एकदा जिवंत बेडूक निघाला, एव्हरिल. शप्पथ!"

बेडकाची गोष्ट मला कधी सांगितली नव्हती. त्रेचाळीस वर्षांत.

सोमवार, १८ नोव्हेंबर

बँक, पेन्शन, ग्रंथालयाचं कार्ड. सगळीकडे तेच वाक्य बोलायचं. चौथ्या वेळी सहज जमलं, त्याचीच लाज वाटली.

मंगळवार, १९ नोव्हेंबर

 अक्षर बघा कसं येतंय.

फिल्टरची हमी नोंदवायची होती, महिन्याच्या आत पाठवायची असते. म्हणून 'हीटिंग' फाइल काढली, माहितीपत्रक काढलं. पहिल्याच पानावर चौकट आहे. चौकटीत हृदयाचं चित्र, त्यावर तिरपी काट. छातीत हृदयाचं यंत्र बसवलेल्या व्यक्तीनं यातला चुंबक हाताळू नये, शरीराजवळ नेऊ नये.

पहिलं पान! मी त्याच पानाला भोकं पाडली!

उभी राहिले. बसले. मग दुसरी फाइल काढली — त्याच फळीवर, दोन फाइली सोडून — 'माल्कम, हृदय'. हॉस्पिटलनं चार वर्षांपूर्वी दिलेली पुस्तिका. तीही मीच लावलेली. पान अकरा. मोठा चुंबक यंत्रावर आला तर तो तिथे असेपर्यंत यंत्र झटका देणं थांबवतं. चुंबक दूर केला की पुन्हा सुरू होतं.

तो असेपर्यंत.

तो खिशात होता. डाव्या खिशात. यंत्र डावीकडे, गळ्याच्या हाडाखाली. माल्कम वाकून काम करत होता, खिसा वर सरकला असणार. मग पडला, त्याच कुशीवर. मी नऊ मिनिटं छाती दाबत होते आणि ती कांडी तिथेच होती! माझ्या तळव्याला लागत होती. मला वाटलं पेन असेल.

कात्री चिकटली तेव्हा त्या बाईनं माझ्याकडे पाहिलं होतं का? आठवतंय असं वाटतं. मग वाटतं, आत्ता बनवतेय मी ते.

मी कागद नीट लावते. वाचत नाही. एकतीस वर्षं लोक म्हणायचे, एव्हरिलकडे गेलेला कागद हरवत नाही.

बुधवार, २० नोव्हेंबर

हीटिंग बंद केलं. ते चालू असलं की पाणी त्या कांडीभोवती फिरत असतं.

सोमवारी मी म्हणाले, उद्या सकाळीच. मंगळवारी दारातून म्हणाले, फिल्टर! त्याला नको होतं. दमलेला होता. मला दिसत होतं तो दमलेला आहे.

त्या सौम्य आवाजाच्या बाईंचा नंबर दोनदा फिरवला. दोनदा ठेवला. काय सांगू? आणि फिल्टर दिला कुणी, हे विचारलं तर? लॉर्नाचं नाव घेऊ?

गुरुवार, २१ नोव्हेंबर

अंत्यविधीच्या कचेरीत गेले. तिथल्या मिसेस थ्वेट फार व्यवस्थित बाई आहेत. विधी शुक्रवारी, २९ तारखेला, अकराला. फुलं नकोत म्हटलं. गाणी लॉर्ना ठरवेल.

मग त्यांनी चष्मा काढला. "एक नाजूक गोष्ट. दहनाच्या आधी यजमानांच्या छातीतलं यंत्र काढावं लागतं. भट्टीत ते फुटतं. आणि झटक्याचं यंत्र काढण्याआधी बंद करावं लागतं, नाहीतर काढणाऱ्यालाच झटका बसतो. तर मंगळवारी दहाला हॉस्पिटलमधून तंत्रज्ञ बाई येतील. तुम्हाला काही करायचं नाही, फक्त इथे सही."

सही केली. मग विचारलं, "त्या यंत्रात काही नोंद असते का?"

"सगळीच असते, असं त्या तंत्रज्ञ, मिस ओकाफोर, सांगतात. शेवटच्या मिनिटापर्यंत."

"आणि नंतर?"

"नंतर यंत्र परत पाठवतो. नातेवाइकांना नोंद हवी असेल तर आधी सांगावं लागतं. बहुतेकांना नको असते."

बाहेर येऊन बसथांब्यावर बसले. दोन बस गेल्या. शेवटच्या मिनिटापर्यंत! सगळं आत लिहून ठेवलेलं आहे, त्याच्या छातीत, आणि ते मंगळवारपर्यंतच आहे. विचारलं नाही तर कुणाला कधीच कळणार नाही. मलाही.

शनिवार, २३ नोव्हेंबर

लॉर्ना आली. दारातच ओरडली. "आई! आत बाहेरच्यापेक्षा जास्त थंडी आहे! कोट घालून चहा पितेस? बॉयलर बिघडला?"

"नाही. बंद केलाय."

"का?"

 ती सरळ स्वयंपाकघरात गेली. दोन्ही फाइली टेबलावर उघड्याच होत्या. मी लपवल्या नाहीत. लपवायला चार दिवस होते, म्हणजे मलाच नको होतं बहुतेक.

ती उभ्यानं वाचत होती. एक पान, मग दुसरं. मग खुर्ची न बघताच बसली.

"खिशात होता?"

"हो."

"मी दिला तो फिल्टर. मी! त्यांना टाय नको होता, पुस्तक नको होतं. दुकानात एक तास उभी होते, आई."

"तुला माहीत नव्हतं."

"खोक्यावर असेल लिहिलेलं. खोकं मी कागदात गुंडाळलं. माझ्या हातांनी."

"कागद माझ्याकडे होता दहा दिवस."

"मग तू साफ कर म्हणालीस तेव्हा—" ती थांबली.

"पुरं कर."

"नाही."

चहा केला. कुणी प्यायला नाही. मी तिला मंगळवारचं सांगितलं. तंत्रज्ञ येणार, यंत्रात सगळी नोंद आहे, विचारता येतं.

"विचारू नकोस."

"लॉर्ना—"

"डॉक्टरांनी हृदय थकलं म्हटलं ना? मग थकलं. आत्ता मला वाटतंय की कदाचित. कदाचितवर मी जगू शकते, आई. तू विचारलंस आणि हो आलं तर? मी मुलांना काय सांगू, आजोबांना काय दिलं होतं मी वाढदिवसाला?"

मी म्हटलं, विचार करते.

"तू विचार करते म्हणतेस तेव्हा तुझं ठरलेलं असतं. बाबा म्हणायचे."

संध्याकाळी तिनं न विचारता बॉयलर लावला.  पाइप टकटक वाजत गरम झाले.

रविवार, २४ नोव्हेंबर

लॉर्ना जेवून गेली. दारात घट्ट धरलं मला. गाडीत बसल्यावर काच खाली करून म्हणाली, "विचारलंस तर मला सांगू नकोस." गाडी मागे घेतली, पुन्हा थांबली. "नाही. सांग."

सोमवार, २५ नोव्हेंबर

डग्लसला विचारलं, तो फिल्टर काढून पाइप पहिल्यासारखा जोडून देशील का.

"का? गळतोय?"

"नाही."

"मग राहू दे की. त्याचं शेवटचं काम आहे ते. आणि काय सुरेख बसवलंय! मी त्याला सांगितलं नाही, डोक्यावर बसला असता."

मग मी सांगितलं. उभ्या उभ्या, कुंपणावरून. 

"मी तिथेच होतो, एव्हरिल. टाळ्या वाजवल्या." हातातला झाडू भिंतीला टेकवला, तो पडला, त्यानं उचलला नाही. "जूनमध्येही होतो मी. हिरवळीवर. मीच धरलं होतं त्याला. तू नंतर आलीस. काय बघितलं मी ते तुला कधी सांगितलं नाही, सांगणारही नाही. पण ते यंत्र देवदूत होतं असं जे तू म्हणतेस ना... असो."

"तू विचारलं असतंस का? उद्या?"

"मी भित्रा माणूस. मला विचारू नकोस."

रात्रीचं जेवण केलं नाही. उद्या जायचं. शाळेत कितीदा पालकांना सांगितलंय, न वाचता सही करू नका.

मंगळवार, २६ नोव्हेंबर

पावणेदहाला पोचले. मिसेस थ्वेटनी आतल्या छोट्या खोलीत बसवलं. मिस ओकाफोर वेळेवर आल्या, उंच, पस्तिशीच्या, हातात पेटी. मी उठून म्हटलं, "यंत्र बंद करण्याआधी मला काही सांगायचं आहे, आणि नोंद हवी आहे."

त्या लगेच बसल्या. कोट न काढता.

क्रमानं सांगितलं. वाढदिवस, फिल्टर, रेडिएटर, सोमवार, मंगळवार, कांडी, कात्री. हजेरीपट वाचल्यासारखं. त्यांनी लिहून घेतलं.

"खिसा कोणत्या बाजूला?"

"डाव्या."

"चुंबक किती वेळ असेल?"

"माझ्या डोळ्यांसमोर नऊ मिनिटं. त्याआधी किती, माहीत नाही."

"पंधरा तारखेला आमच्या हॉस्पिटलमधून फोन आला तेव्हा हे सांगितलं होतंत?"

"नाही. म्हटलं, काही शंका नाही. तेव्हा नव्हती."

"मला हे कळवावं लागेल, मिसेस हेपवर्थ. तुम्हाला त्रास द्यायला नाही, नियम आहे."

"कळवा. त्यासाठीच आलेय."

त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. असं कुणी परक्यानं केलं की मला संकोच वाटतो. आज वाटला नाही.

त्या आत गेल्या. मी भिंतीकडे बघत बसले. त्या दाराआड तो होता, त्याचा निळा सूट घालून, लॉर्नाच्या लग्नातला. मिसेस थ्वेट चहा ठेवून गेल्या, बशीत दोन बिस्किटं. मला वाटलं होतं अर्धा तास लागेल. बारा मिनिटांत त्या बाहेर आल्या. पेटी बंद. चेहऱ्यावर असं काही, जे आत जाताना नव्हतं.

"झालं बंद?"

"मला एकदा क्लिनिकमधली जुनी नोंद पडताळावी लागेल. उद्या दुपारी फोन करते."

"म्हणजे चुंबकानंच ना? आत्ताच सांगा. मी घट्ट मनाची आहे."

"तुम्ही घट्ट मनाच्या आहात, दिसतंय. म्हणूनच अर्धवट सांगत नाही."

दारापर्यंत सोडायला आल्या. तिथे विचारलं, "तुम्ही दोघं आजाराबद्दल बोलायचात का? एकमेकांशी?"

म्हटलं, "आम्ही फार बोलणारी माणसं नव्हतो."

घरी चालत आले. पूर्ण रस्ता. थंडी कळली नाही. आतापर्यंत लॉर्नाचे चार फोन, एकही उचलला नाही. तिला काय सांगू — ती बाई बारा मिनिटांत बाहेर आली, हे? एवढ्या लवकर काय दिसतं? एकच गोष्ट दिसते. यंत्र झोपलेलं होतं आणि त्यावर चुंबक होता.

मग कोटासकट जाऊन बॉयलरच्या कपाटासमोर उभी राहिले. फिल्टर बघितला. डग्लस म्हणतो ते खरं आहे. पाइप तंतोतंत सरळ, नटांवर पान्याचा एक ओरखडा नाही. माल्कमला म्हणाले, मीच केलं हे. मोठ्यानं म्हणाले. पहिल्यांदाच.

बुधवार, २७ नोव्हेंबर

दोन वाजता मिस ओकाफोर यांचा फोन. चुंबकानं काही केलं नाही. थांबवायला काही उरलंच नव्हतं — झटका देणारा भाग १२ सप्टेंबरपासून बंद होता. माल्कमनं स्वतः क्लिनिकमध्ये जाऊन बंद करून घेतला होता. दोनदा बोलावून नीट समजावलं, तरी सही केली. कारणाच्या जागी त्याच्या अक्षरात: 'जूनसारखं पुन्हा नको.' त्याखाली छापील प्रश्न, घरच्यांशी बोललात का? त्यानं लिहिलंय, 'हो. बायकोला पटलं आहे.'

फळीवरून मागची वही काढून १२ सप्टेंबर बघितलं. माझीच एक ओळ: 'माल्कम केस कापून आला. येताना दोघांना मासा आणि चिप्स. फार दिवसांनी खुशीत.'